आधी पाज, मग अंघोळ

रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी साडेसहाला दादाचा फोन आला. "आत्या गेली," एवढंच म्हणाला आणि फोन वहिनीच्या हातात दिला. मी नाशिकला. खांद्यावर चार महिने नऊ दिवसांची लेक, तिला थोपटत ढेकर काढत होते. रडू आलं नाही. मनात आलं ते एवढंच, की ढेकर निघेपर्यंत हिला खाली ठेवता यायचं नाही. आणि लगेच दुसरं: हिला न्यायचं की ठेवायचं?

ठेवायचं म्हणजे काय, हे बोलणाऱ्यांच्या लक्षात येत नव्हतं. मुलगी फक्त अंगावर पीत होती. बाटली दोनदा करून पाहिली होती, दोन्ही वेळा तिने जिभेने बाहेर ढकलली. त्यामुळे हिला ठेवून जायचं म्हणजे मी जायचंच नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. इंदूरच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवलं, निवृत्त झाली आणि रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत पुस्तकं लावून बसली. आई नोकरीवर जायची, त्यामुळे माझी वेणी, माझा डबा, माझे पाढे, सगळं आत्याकडे. प्रेम दाखवण्याची तिची एकच तऱ्हा होती: हिशेब विचारणं. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिचा प्रवास बंद झाला, म्हणून बारशाला आली नाही. पण लस टोचून घरी आले की तासाभरात तिचा फोन यायचा. "किती भरलं?" मी आकडा सांगायचे, पलीकडून पेन्सिलीचा आवाज यायचा. "बरं. ठेव."

मे महिन्यात आम्ही जाणार होतो. तोवर पोरगी बसायला लागेल, ऊन जरा सोसेल, असं ठरलं होतं.

सासूबाईंनी ऐकल्याबरोबर देवापाशी दिवा लावला आणि मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "चार महिन्यांचं लेकरू मयताच्या घरी नेत नाहीत गं." मी काही बोलले नाही, तशा पुढे म्हणाल्या, "तुझं गोत्र बदललं. सुतक तुला नाही, तिला तर नाहीच नाही. दहाव्यानंतर जाऊन भेटून या." त्यांचं चुकत होतं असं नाही, त्यांच्या माहेरी हे असंच पाळतात. पण गोत्र बदललं हे वाक्य मला लागलं. जिने मला बे एके बे शिकवलं तिचं माझ्याशी नातं आता कागदोपत्री संपलं, असं काहीतरी त्यात होतं. तेवढ्यात आईचा फोन. "तू येऊ नकोस. एवढ्या लांबचं, रात्रीचं. आम्ही आहोत ना सगळे." सगळ्यांच्या बोलण्यात माया होती, म्हणूनच कुणाला तोडून बोलता येईना.

मग मुलीच्या डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या दवाखाना बंद करून निघत होत्या. मयताला न्यायचंय हे मी उगाच खालच्या आवाजात सांगितलं, जणू काही चोरीच करायला निघालेय. त्यांनी विचारलं, लशी कुठपर्यंत झाल्या? सहा, दहा, चौदा आठवड्यांच्या तिन्ही झाल्या होत्या; गोवराची नवव्या महिन्यात, ती अर्थात बाकी. "मयताने बाळाला काही होत नाही," त्या म्हणाल्या, "मयताला आलेल्या माणसांनी होतं." मग धडाधड सांगत गेल्या आणि मी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. हातोहात फिरवू देऊ नका. पापे नकोत. खोकणारा माणूस असेल तिथे तुम्ही उठून जा, त्याला उठवू नका, दुःखाच्या घरी वाद होतात. कापूर, धूप, उदबत्तीच्या धुरात नको. गरम होतंय म्हणून कुणी चमच्याने पाणी पाजायला येईल, द्यायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत दूधच, उन्हात फार तर जास्त वेळा. गाडीत मांडीवर नाही, बाळाच्या सीटमध्ये पट्टा लावून, आणि दोन-अडीच तासांनी थांबून बाहेर काढायचं. ताप १००.४ च्या वर गेला तर घरगुती काही करत बसायचं नाही.

हे सगळं ऐकूनही माझं ठरेना. ठरवलं ते नवऱ्याच्या एका प्रश्नाने. तो गाडीची हवा बघून वर आला आणि म्हणाला, "तू रडशील तेव्हा हिला कोण धरेल? तेवढं सांग, मग निघू." न्यायचं की नाही, यावर तासभर सगळे बोलले होते, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, तू. तो म्हणाला, धरेन. या उत्तरात एक घोळ होता, तो दुसऱ्या दिवशी कळला.

सासूबाईंनी वेखंडाचा तुकडा कापडात बांधून दुपट्याच्या टोकाला गाठ मारली आणि डब्यात दशम्या भरून दिल्या. विरोध होता, पण उपाशी कशी धाडतील?

नाशिक ते इंदूर चारशेच्या वर किलोमीटर. मनमाडहून इंदूरला जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे, पण मंजुरीत बसून जाता येत नाही. आग्रा रोडच खरा. आठला निघालो. धुळ्याला पहिला थांबा, गाडीतच दूध. बिजासनच्या घाटात ट्रकांची रांग, मुलगी झोपलेली, आणि मी तिच्या छातीची हालचाल बघत बसलेली. आत्या गेली हे अजून आत उतरलं नव्हतं. सेंधव्याला चहा. तिथे टपरीवाल्याने "बच्चे को लेके इतनी रात को?" असं विचारलं. नवऱ्याने कारण सांगितलं, तर त्याने चहाचे पैसे घेतले नाहीत. खलघाटला नर्मदा ओलांडताना लहानपणी आत्या आमच्या हातात नाणं द्यायची, नदीत टाकायला. आणि पुलाच्या कठड्याला लागून ते परत रस्त्यावर पडलं की हसायची. पर्समध्ये नाणं सापडलं नाही. सगळे पैसे फोनमध्ये.

पहाटे पाचच्या सुमारास रामबागेत शिरलो. रस्ते झाडून स्वच्छ, सगळीकडे सामसूम. चार-पाच तासांनी राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, निघणार आणि त्याच रस्त्यांवर गुलालाचा चिखल होणार. (नाशिकलाही खरा रंग रंगपंचमीलाच, रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, तेव्हाच उघडतात. लग्नानंतर त्या एका गोष्टीत मला परकं वाटलं नव्हतं.) दादाने अंत्ययात्रा नऊला ठरवली होती. राजवाड्याच्या बाजूचे रस्ते बंद व्हायच्या आत सुदामानगरची मंडळी पोचायला हवी होती.

एक गोष्ट मला तिथे पोचल्यावर कळली. नाशिकला मी समजत होते की एकदा ठरवलं की झालं. तसं नव्हतं. घरात शिरायचं की नाही, त्या खोलीत न्यायचं की नाही, अंगणात, मुक्तिधाम या स्मशानाच्या फाटकाशी, तिसऱ्या दिवशीच्या उठावण्याच्या बैठकीला, दर दोन-तीन तासांनी तेच ठरवणं पुन्हा समोर यायचं, आणि दर वेळी उत्तर वेगळं.

पहाटेचं उत्तर सोपं गेलं. घरात फक्त घरचे पाच जण. आत्या काचेच्या शीतपेटीत, पायाशी पणती, धूप अजून लावलेला नाही. मी मुलीला घेऊन गेले. पाच मिनिटं असेन. तिला पेटीच्या काचेत दिव्याचं प्रतिबिंब दिसलं, त्याच्याकडे ती टक लावून बघत राहिली, मग जांभई दिली. कुणी म्हणेल, बाळाने आत्याला ओळखलं. काही नाही. दिवा होता तो. पण मला जे दाखवायचं होतं ते मी दाखवलं, कुणाला दाखवलं ते सांगता येणार नाही.

साताच्या पुढे माणसं यायला लागली तशी मी तिला वरच्या खोलीत नेली. आत्याला पेटीतून काढून अंगणात आणलं, अंघोळ घातली, तुळशीपत्र ठेवलं. मी खाली उतरले तेव्हा मुलगी कडेवर होती, कारण नवरा बांबू आणायला गेला होता. तेवढ्यात कोपऱ्यावर कचऱ्याची गाडी आली. इंदूरची कचरागाडी गाणं लावून येते. ते गाणं ऐकलं आणि मुलगी खदखदून हसली. इतकी मोठ्याने ती तोवर कधीच हसली नव्हती. अंगणभर ऐकू गेलं. दोघी-तिघी बायकांच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण बाबा गर्रकन वळले. "तिला आत ने," म्हणाले. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मी गेले. जिन्यात बसून रडले, ते त्या आवाजाने की आत्यासाठी, कोण जाणे. नवऱ्याने धरायचं ठरलं होतं, तो बांबू घेऊन उभा होता, आणि जिला धरायचं ती मुलगी माझ्याच हातात.

घोळ म्हणतात तो इथे. जावई हा धरणारा माणूस नव्हेच. त्याला तिरडीला बोलावतात, खांद्याला बोलावतात, लाकडांना पाठवतात. तुम्ही बाळ घेऊन अशा ठिकाणी जाणार असाल तर एवढं माझं ऐका: बाळाला धरणारं माणूस असं निवडा, ज्याला कुणी कशालाही हाक मारणार नाही. सख्खं नको. आमच्याकडे ते माणूस म्हणजे वहिनीची धाकटी बहीण निघाली. एकवीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. आत्याला ती चार-पाचदाच भेटली होती. तिला रडू येणार नव्हतं, आणि त्या दिवशी मला ते फार सोयीचं होतं.

निघताना गल्लीतली पोरं फाटकाशी उभी. सकाळीच रंग खेळून तोंडं हिरवी-जांभळी झालेली, पिचकाऱ्या पाठीमागे धरलेल्या. त्यातला एक मोठा मुलगा नळावर गेला, तोंड धुतलं, रंग निघाला नाहीच, तसाच येऊन त्याने दादाच्या मागे खांदा दिला. आत्याकडे दहावीच्या गणिताला बसायचा, असं नंतर कळलं.

मी मुक्तिधामला गेले. आमच्याकडे आता बायका जातात, निदान मुली जातात. माझी आई गेली नाही. मुलीला न्यायचं नाही हे ठरवायला मला क्षणही लागला नाही. धूर, मार्चचं ऊन आणि दुसऱ्या चितांची गर्दी. आठला तिला पोटभर पाजून निघाले होते, अकरापर्यंत परतू असा अंदाज. साडेअकरा वाजले. बाबांनी अग्नी दिला. मंत्र संपता संपता शेजारच्या ओट्यापाशी आलेल्या कुणाच्या तरी कडेवरचं मूल रडलं आणि मला पान्हा फुटला. ओढणी पुढे ओढून उभी राहिले. चितेसमोर उभं राहून आपलं अंग असं वागतंय याची लाज वाटली, आणि लाज वाटतेय याचा राग.

घरी पोचले तर फाटकापासूनच किंचाळणं ऐकू येत होतं. मुलगी पाऊण तास रडत होती. वहिनीच्या बहिणीने तिला फिरवून फिरवून स्वतःचा घाम काढला होता. पण स्मशानातून आलेल्याने अंघोळीआधी घरात कशाला हात लावायचा नाही. खाली न्हाणीघर एक, त्यात बाबा. मागे दादा, नवरा, काका. वरच्या बाथरूमचं पाणी घर धुण्यात संपलेलं. मी अंगणात उभी, ती जिन्याच्या दारात, मध्ये सहा पावलं. "दे इकडे," असं म्हणायला तोंड उघडलं आणि समोर ओट्यावर बसलेल्या माईंकडे लक्ष गेलं.

माई म्हणजे समोरच्या घरातल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. लहानपणी आम्हाला त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू द्यायच्या नाहीत. चातुर्मास कडक, सोवळं कडक. सकाळपासून त्याच सगळ्यांना सांगत होत्या, दिवा दक्षिणेकडे करा, पीठ चाळून घ्या, कडुलिंब आणून ठेवा. मी थांबले. त्यांनीच मला विचारलं, "किती वेळ झाला पिऊन?"

"आठला प्यायलीय."

"मग उभी काय राहिलीस? आधी पाज, मग अंघोळ कर."

"पण माई, मी तिकडून..."

"दुधाला विटाळ नसतो," त्या म्हणाल्या, आणि काठीने कोपऱ्यातली सतरंजी माझ्याकडे ढकलली. "हात तेवढे धू साबणाने. आणि पदर त्या बाजूला कर, धुराचा वास येतोय."

डॉक्टरबाईंनीही वेगळं काही सांगितलं नसतं. अंगणात सतरंजीवर बसून पाजलं. कुणी काही बोललं नाही. माई बोलल्यावर कोण बोलणार? माझा नंबर लागून अंघोळ झाली तेव्हा एक वाजत आला होता. शेजारून पिठलं-भात आला होता, तो खाल्ला, आणि मायलेकी संध्याकाळपर्यंत झोपलो.

इथवर सगळं नीट झालं म्हणून असेल, तिसऱ्या दिवशी मी चुकले. सकाळी दादा आणि बाबा अस्थी घेऊन ओंकारेश्वरला गेले. भेरूघाटातला रस्ता वळणांचा, जाऊन-येऊन सगळा दिवस. मी जात नाही असं सरळ सांगितलं. पण संध्याकाळी उठावणा होता. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सांगावं लागेल: इंदुरात तिसऱ्या दिवशी उठावणा करतात, सकाळच्या पेपरात छापून येतं, पाच ते सहा अशी वेळ असते, आणि ओळखीचा प्रत्येक माणूस येऊन पाच मिनिटं बसून जातो. पद्धत माळव्यातली, पण पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आम्ही मराठी घरांनी ती केव्हाच उचलली. मला वाटलं, तासाभराचा तर प्रश्न. आत्याच्या विद्यार्थिनी येणार, त्यांनी हिला बघावं. मोह झाला. वरच्या खोलीतून खाली आणून मांडीवर घेऊन बसले.

शंभराच्या वर बायका आल्या. पन्नाशीच्या, साठीच्या, प्रत्येकीला आत्याने कधी ना कधी बाकावर उभं केलेलं. पहिल्या दहाजणींना मी हसून नाही म्हटलं. अकरावी रडतच आली. "मॅडम की पोती है? ला, बेटा, इधर दे," म्हणाली. रडणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? एकदा दिली ती गेलीच. अर्ध्या तासाने मला दिसली तेव्हा ती चौथ्या रांगेत होती आणि एक बाई रुमालात शिंकून त्याच हाताने तिचे गाल ओढत होती. विजेच्या बिलामागची पहिलीच ओळ.

दुसऱ्या दिवशी रात्री नाक चोंदलं, अंग कोमट झालं. पितानाच गुदमरायला लागली, म्हणून सकाळी जवळच्या दवाखान्यात नेलं. ताप १०० च्या आतच होता, छाती साफ. नाकात सलाइनचे थेंब, पाजण्याआधी नाक मोकळं करायचं, आणि दोन दिवस प्रवास नको. सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या "मी म्हटलं होतं" असं म्हणाल्या नाहीत. "ओवा भाजून पुरचुंडी कर, पण तिच्या नाकाला लावू नकोस, लांबच ठेव," एवढंच म्हणाल्या. त्यांचं न बोललेलं मला पुरेसं ऐकू आलं.

दहाव्याला आणि तेराव्याला थांबायचं नाही हे मी त्याच दिवशी दादाला सांगितलं. त्याने कारण विचारलं नाही. माई मात्र म्हणाल्या, "आलीस ते बरं केलंस," आणि पुढे, "उठावण्याला खाली आणलीस ते नाही."

दवाखान्यातून परत आलो तेव्हा बाबा आत्याच्या खोलीत कपाट आवरत होते. त्या सकाळनंतर आमचं धड बोलणं झालं नव्हतं. त्यांच्या हातात एक आलेख कागद होता, शाळेत वापरतात तो, हिरव्या रेघांचा. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर किलो. जन्माला २.९, सहा आठवड्यांना ४.२, दहाला ५.१, चौदाला ५.८, चारही ठिपके टोकदार पेन्सिलीने काढून पट्टीने जोडलेले. सव्वीसाव्या आठवड्यावर एक बारीक उभी खूण आणि तिच्याखाली तिच्या फळ्यावरच्या अक्षरात: इंदूर.

"दवाखान्यात वजन केलं का?" बाबांनी विचारलं.

"केलं. सहा चारशे."

"आठवडा कितवा?"

"एकोणीस भरतोय."

त्यांनी चष्मा वर सरकवला, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि ठिपका दिला. हात कापत होता, त्यामुळे तो दोन चौकोनांच्या मधल्या रेघेवर पडला. आत्याने खोडून परत काढायला लावला असता. बाबांनी खोडरबर शोधलं, सापडलं नाही, मग कागद माझ्या हातात देऊन मुलीला माझ्याकडून घेतलं आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.